पेन टॅबलेट चालतो, पण दाब नाही : नव्या मॅकवर सोबतचं सॉफ्टवेअर रुसलंय

रेघोट्या (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. आठ वर्षं इंटेलच्या मॅकवर काम केलं, आता ॲपलच्या स्वतःच्या एम चिपवाला मॅक घेतला. जुन्यावरचं सगळं मायग्रेशन असिस्टंटने नव्यावर आणलं. फाइल्स आल्या, फॉन्ट आले, ब्रशेस आले, अगदी डेस्कटॉपवरचा पसाराही जसाच्या तसा आला.

फक्त पेन टॅबलेट बिघडला. म्हणजे पूर्ण बिघडला असता तर बरं झालं असतं. दिवा लागतो, पेन हलवलं की कर्सर हलतो, क्लिकही होतं. पण रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची येते, मार्करने ओढल्यासारखी. पेनवरची दोन्ही बटणं मेलेली. टॅबलेटच्या सेटिंग्जचं ॲप उघडलं की लोगो दिसतो, चाक फिरत राहतं आणि मग संदेश येतो : "ड्रायव्हर सुरू नाही".

आतापर्यंत केलेले उपाय : मॅक पाच वेळा रीस्टार्ट, केबल बदलून पाहिली, हब काढून थेट लावला, ॲप कचरापेटीत टाकून कंपनीच्या साइटवरचं ताजं व्हर्जन तीनदा टाकलं. प्रणाली सिकोया (मॅकओएस १५) आहे. कंपनी म्हणते की माझं मॉडेल सिकोयावर चालतं. शुक्रवारपर्यंत बारा चित्रं द्यायची आहेत आणि मी माउसने रेघा ओढतेय.

अर्धवटराव | सोमवार, रात्री ९:५८

विंडोज घ्या. (हलकं घ्या.)

नुसताच वाचक | सोमवार, रात्री १०:०५

वाचतोय. माझ्या स्कॅनरचं हेच रडगाणं आहे. रेघोट्याताईंचं निस्तरलं की मी माझी कथा सांगतो.

खटपट्या | सोमवार, रात्री १०:३१

रेघोट्याताई, आधी केबलचा नाद सोडा. कर्सर हलतोय म्हणजे टॅबलेटची माहिती मॅकपर्यंत पोचतेय. बहुतेक पेन टॅबलेट त्यांचा ड्रायव्हर (यंत्र आणि मॅक यांच्यातला दुवा असलेला प्रोग्रॅम) नसला तर साधा माउस म्हणून स्वतःची ओळख देतात आणि मॅक ती ओळख मान्य करतो. दाब, पेनची बटणं, कडेच्या कळा हे सगळं कंपनीच्या ड्रायव्हरमार्फत येतं. तुमच्याकडे नेमकं तेवढंच गायब आहे, म्हणजे टॅबलेट धडधाकट आहे.

दुसरं. आपण ज्याला "सोबतचं सॉफ्टवेअर" म्हणतो ते एक नसतं. तुम्हाला दिसते ती सेटिंग्जची खिडकी म्हणजे नुसता दर्शनी दरवाजा. खरं काम करणारा पडद्यामागे असतो : मॅक सुरू झाला की गुपचूप सुरू होणारा मदतनीस प्रोग्रॅम. त्याच्याखाली कधी ड्रायव्हर असतो, कधी नसतो. आणि खुद्द यंत्रात त्याचं अंगभूत सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, असतं. खिडकी कचरापेटीत टाकली तरी मदतनीस जागच्या जागी राहतो, कारण तो ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये राहतच नाही. तुम्ही तीन वेळा दरवाजा बदललात, घरातला माणूस तोच आहे.

आता एक करा. ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडा. व्ह्यू मेन्यूतून "ऑल प्रोसेसेस" निवडा, वर शोधायच्या चौकटीत टॅबलेट कंपनीच्या नावाची पहिली चार अक्षरं टाका. किती ओळी येतात आणि "काइंड" या रकान्यात काय लिहिलंय ते सांगा. तो रकाना दिसत नसेल तर मथळ्यांच्या पट्टीवर राइट क्लिक करून जोडता येतो.

रेघोट्या | सोमवार, रात्री १०:५२

तीन ओळी. एक सेटिंग्जचं ॲप, त्यापुढे "ॲपल". दुसरी काहीतरी "एजंट", तिच्यापुढेही "ॲपल". तिसरी त्याच नावाची, फक्त "एजंट" ऐवजी "ड्रायव्हर", आणि तिच्यापुढे "इंटेल".

माझ्याकडे इंटेलचं काय काम? मशीन तर एम चिपचं आहे ना?

खटपट्या | सोमवार, रात्री ११:१०

सापडला पाहुणा.

हा जुन्या मॅकवरून आलेला मदतनीस आहे. मायग्रेशन असिस्टंट तुमच्या फाइल्सबरोबर मुख्य लायब्ररीतल्या या गोष्टीही उचलून आणतो. नव्या मॅकवर रोझेटा २ नावाचा दुभाषी आहे. इंटेलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम तो एम चिपला समजेल असा करून देतो, म्हणून हा जुना पाहुणाही निमूट सुरू होतो, कुठे तक्रार करत नाही. पण रोझेटाचं राज्य साध्या प्रोग्रॅमपुरतंच. प्रणालीच्या गाभ्यात बसणारे जुने ड्रायव्हर, म्हणजे कर्नल एक्स्टेन्शन, त्याला भाषांतरित करता येत नाहीत. म्हणजे मदतनीस जिवंत आणि त्याचा ड्रायव्हर मेलेला.

माझा अंदाज असा : नवी खिडकी हाक मारते, "ड्रायव्हर आहे का?" नवा एजंट उत्तर द्यायच्या आत जुना बोलतो आणि त्याचं बोलणं नव्या खिडकीला कळत नाही. अंदाजच आहे, पण जुन्याला बाहेर काढल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

जुना काढायचा तो त्याच्याच अनइन्स्टॉलरने. डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये किंवा ॲप्लिकेशन्समधल्या कंपनीच्या फोल्डरात तो असतो. तो चालवा, मॅक रीस्टार्ट करा, आणि नवं टाकायच्या आधी पुन्हा ॲक्टिव्हिटी मॉनिटर बघा. कंपनीच्या नावाची एकही ओळ दिसता कामा नये. दिसली तर इथे येऊन सांगा, लगेच नवं टाकू नका.

टेकगुरू_००७ | सोमवार, रात्री ११:२५

एवढा खटाटोप कशाला? एखादा क्लीनर टाका, एका क्लिकमध्ये साफ. नाहीतर रिकव्हरीत जाऊन सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन बंद करा, सगळे ड्रायव्हर चालतात.

खटपट्या | सोमवार, रात्री ११:३३

गुरू, दुसरा सल्ला कृपया मागे घ्या. ते संरक्षण बंद केल्याने इंटेलचा ड्रायव्हर एम चिपवर चालायला लागत नाही. चिपची भाषाच वेगळी आहे, कुलूप काढून ती बदलत नाही. वर कामाचं मशीन उघडं पडतं ते वेगळंच. क्लीनरबद्दल माझं मत : काय काय काढलं ते तो नीट सांगत नाही, म्हणून नंतर गोंधळ झाला की शोधायचं कुठे तेच कळत नाही.

तारायंत्र | मंगळवार, सकाळी ७:१५

खटपट्यांच्या म्हणण्याला अनुमोदन. थोडा इतिहास जोडतो, कारण "काल चालत होतं, आज का नाही" याचं उत्तर बहुतेक वेळा तारखेत सापडतं.

२०१७ च्या हाय सिएरापासून (ही सगळी मॅकच्या प्रणालीच्या आवृत्त्यांची नावं) बाहेरच्या कंपनीचं कर्नल एक्स्टेन्शन आपोआप चढेनासं झालं, सेटिंग्जमध्ये जाऊन "अलाव" दाबावं लागायला लागलं. गंमत म्हणजे ते बटण अर्धा तासच दिसायचं. माणूस चहा... असो, माणूस उठून येईपर्यंत गायब. २०१८ चं मोहावी हे ३२-बिट, म्हणजे जुन्या बांधणीचे, प्रोग्रॅम चालवणारं शेवटचं. २०१९ च्या कॅटलिनाने ते सरसकट बंद केले, त्या एका वर्षी कपाटात गेलेली यंत्रं मोजायला बसलो तर दिवस जाईल. कॅटलिनातच आयट्यून्सचे तुकडे झाले आणि फोन सिंक करायचं काम फाइंडरकडे गेलं, आणि कर्नलच्या बाहेर राहून काम करणाऱ्या ड्रायव्हरांची नवी पद्धत, ड्रायव्हरकिट, आली.

२०२० ला बिग सर आणि एम१ एकाच महिन्यात, नोव्हेंबरात. बिग सरचा आकडा १० वरून ११ झाला. साधी गोष्ट, पण कित्येक इन्स्टॉलरांनी आकडा "१०" ने सुरू होतो का एवढंच तपासायचं ठेवलेलं. ते म्हणायला लागले की तुमची प्रणाली जुनी आहे! आता तर १५ वरून उडी मारून थेट २६ आलंय, त्यामुळे जुन्या इन्स्टॉलरने "आवृत्ती जुळत नाही" म्हटलं की शब्दशः घेऊ नका.

आणि एक पुढची तारीख ध्यानात ठेवा. इंटेल मॅकवर चालणारं टाहो, म्हणजे २६, हे शेवटचं. रोझेटा पूर्ण रूपात २७ पर्यंतच राहील असं ॲपलने २०२५ च्या जूनमध्ये जाहीर केलंय, त्यानंतर काही जुन्या खेळांपुरता. ज्यांच्या "काइंड" रकान्यात आज "इंटेल" लिहिलंय त्यांनी कंपनीला आत्ताच पत्र टाका.

रेघोट्या | मंगळवार, सकाळी १०:०२

अनइन्स्टॉलर चालवला, रीस्टार्ट केलं. "एजंट" गेला. "ड्रायव्हर", इंटेल, अजून ठाण मांडून बसलाय. :(

खटपट्या | मंगळवार, सकाळी १०:२०

नव्याच्या अनइन्स्टॉलरला जुन्याची ओळख नाही, त्याने फक्त आपली माणसं नेली. दोन वाटा. सोपी : कंपनीच्या साइटवर जुनी आवृत्ती असेल तर ती उतरवून तिच्यातला अनइन्स्टॉलर चालवा. नसेल तर हाताने.

हाताने करायचं असेल तर आधी टाइम मशीनचा बॅकअप घ्या. मग मॅकिंटॉश एचडी उघडा, त्यातलं लायब्ररी (तुमच्या नावाच्या फोल्डरातलं नव्हे, अगदी वरचं). त्यात "लाँचएजंट्स" आणि "लाँचडीमन्स" अशी दोन फोल्डर आहेत. टॅबलेट कंपनीचं नाव असलेल्या फाइल्स तिथून डेस्कटॉपवर हलवा, डिलीट करू नका. कंपनीच्या नावाखेरीज एकाही फाइलला हात लावायचा नाही. रीस्टार्ट. या फाइल्स म्हणजे हजेरीपट आहे : कोणाला उठवायचं ते मॅक इथून वाचतो. नाव खोडलं की तो उठत नाही.

रेघोट्या | मंगळवार, दुपारी १:४४

जुनं व्हर्जन साइटवर नव्हतं. हातानेच केलं. लाँचडीमन्समध्ये एक फाइल, २०१८ सालची. हलवली, रीस्टार्ट केलं, यादी रिकामी! मग नवं टाकलं.

आता सेटिंग्जची खिडकी टॅबलेटचं चित्र दाखवते, मॉडेलचं नाव दाखवते, दाबाचा आलेखसुद्धा दिसतो. पण पेन टेकवलं तर आलेख ढिम्म हलत नाही. परवानगीचं असेल म्हणून प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन पाहिलं. इनपुट मॉनिटरिंग आणि ॲक्सेसिबिलिटी, दोन्हीकडे टॅबलेटचं बटण आधीपासूनच चालू आहे. आता काय?

खटपट्या | मंगळवार, दुपारी २:०५

ते चालू दिसणारं बटणच फसवतंय. परवानगी नावाला मिळत नाही, त्या प्रोग्रॅमच्या डिजिटल सहीला मिळते. यादीत दिसतं ते जुन्या पाहुण्याला दिलेलं पत्र, नाव तेच आणि सही वेगळी. नवा एजंट दारात उभा आहे आणि यादी म्हणते "याला तर दिलंय की".

बटण बंद-चालू करून कधी जमतं, कधी नाही. खात्रीचं हे : त्या ओळीवर एकदा क्लिक करा, खालचं वजाचं चिन्ह दाबून ओळ काढून टाका. दोन्ही ठिकाणी. मग मॅक रीस्टार्ट करा आणि पेन टेकवा. परवानगीची विचारणा पुन्हा येईल, तेव्हा द्या. नाही आली तर अधिकच्या चिन्हाने एजंट स्वतः जोडा.

तेवढ्यात जनरलमधल्या लॉगिन आयटम्सवरही नजर टाका. "पार्श्वभूमीत चालण्याची मुभा" अशा अर्थाची यादी आहे तिथे. व्हेंचुरापासून ती आली आणि लोक नीटनेटकेपणाच्या नादात तिथली बटणं बंद करतात.

रेघोट्या | मंगळवार, दुपारी २:३१

आला!!! दाब आला!!!

वजा, रीस्टार्ट, विचारणा, हो, हो. पेन अलगद टेकवलं तर केसासारखी रेघ, दाबत नेलं तर बोटाएवढी. पाच मिनिटं नुसते स्वल्पविराम काढत बसले होते. खटपट्या, दंडवत घ्या.

खटपट्या | मंगळवार, दुपारी २:४०

डेस्कटॉपवर ठेवलेली ती २०१८ ची फाइल आठवडाभर तशीच राहू द्या, मग फेका. आणि चित्रं पूर्ण करा आधी.

नुसताच वाचक | मंगळवार, रात्री ८:१०

अभिनंदन! आता माझी पाळी. स्कॅनर २०११ चा, काच अजून आरशासारखी. कंपनीचं शेवटचं सॉफ्टवेअर ३२-बिट, त्यामुळे ते उघडतच नाही. आयकॉनवर आडवी रेघ असलेलं निषेधाचं चिन्ह. फोटोच्या प्रोग्रॅममधून स्कॅन करायचो तो प्लगइनही (त्या प्रोग्रॅमला जोडलेला पूरक तुकडा) मेन्यूतून गायब झालाय. यंत्र फेकून द्यायला हात धजत नाही.

तारायंत्र | मंगळवार, रात्री ९:००

ती आडवी रेघ म्हणजे निकाल लागला, अपील नाही. ३२-बिट प्रोग्रॅम कॅटलिनापासून पुढे कुठल्याच मॅकवर चालत नाही आणि रोझेटाही ३२-बिटला हात लावत नाही. पण सॉफ्टवेअर मेलं म्हणजे स्कॅनर मेला असं नाही.

आधी मॅकमधलंच इमेज कॅप्चर उघडा. यंत्र डावीकडच्या यादीत दिसलं तर कंपनीच्या सॉफ्टवेअरची गरजच नाही. नाही दिसलं तर व्ह्यूस्कॅन करून पाहा, त्यात जुन्या स्कॅनरांसाठी त्यांचे स्वतःचे ड्रायव्हर आहेत. मॉडेलची यादी त्यांच्या साइटवर आहे, पैसे भरण्याआधी चाचणी घेता येते. चाचणीच्या प्रतीवर खूण उमटते, पण चालतं की नाही ते कळतं.

प्लगइनचं वेगळं. फोटोचा प्रोग्रॅम एम चिपसाठी बनलेला असला की तो इंटेलचा प्लगइन आपल्या पोटात घेत नाही, एका प्रोग्रॅममध्ये दोन भाषा चालत नाहीत. प्लगइन ६४-बिट असेल तर फोटोच्या ॲपवर गेट इन्फो करून "ओपन युजिंग रोझेटा" वर खूण करा, मेन्यूत परत दिसेल. तुमचा ३२-बिटच असेल तर तेही नाही.

अर्धवटराव | मंगळवार, रात्री ९:२०

आता गंभीरपणे विचारतो. मॅकमध्येच व्हर्च्युअल मशीन (संगणकातला आभासी संगणक) टाकून त्यात विंडोज चालवली आणि स्कॅनर तिकडे जोडला तर? माझी थट्टा तेवढी वाया जायला नको.

तारायंत्र | मंगळवार, रात्री ९:४१

इंटेल मॅकवर हा उपाय उत्तम होता, मीही वर्षानुवर्षं केला. एम चिपवर मात्र व्हर्च्युअल मशीनमध्ये चालते ती एआरएमची, म्हणजे एम चिपच्याच जातीच्या चिपसाठीची, विंडोज. साधे जुने प्रोग्रॅम ती भाषांतर करून चालवते, पण ड्रायव्हर तिलाही एआरएमचाच लागतो. २०११ च्या स्कॅनरला तो कोण लिहून देणार? रोझेटाची जी मर्यादा, तीच इथे दुसऱ्या दारातून भेटते.

वाचकांकडे जुना इंटेल मॅक असेल, आणि तो मोहावी चालवू शकणारा असेल, तर तो स्कॅनरपुरता ठेवा आणि इंटरनेटपासून तोडा. नव्या मॅकवर जुनी प्रणाली टाकायचा विचार करू नका, मशीन ज्या आवृत्तीसह बाजारात आलं तिच्या मागे जाता येत नाही.

नुसताच वाचक | बुधवार, सकाळी ८:३०

इमेज कॅप्चरमध्ये दिसला!! मी कधी उघडूनच पाहिलं नव्हतं. दोन वर्षं स्कॅनरवर पुस्तकं ठेवलेली. आता कुठे तोंड लपवू?

मृद्गंधा | बुधवार, सकाळी ११:१८

वाचनखूण साठवली. माझी छोटी शंका. कॅमेऱ्यातले फोटो वायफायवरून मॅकवर घ्यायचं ॲप आहे. सिकोयावर गेल्यापासून "कॅमेरा शोधत आहे" यापुढे सरकत नाही. फोनवर तोच कॅमेरा लगेच सापडतो.

खटपट्या | बुधवार, सकाळी ११:४०

प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत "लोकल नेटवर्क" बघा. सिकोयापासून ही नवी परवानगी आहे. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत "नको" दाबलं गेलं असेल. ॲप बिचारं शोधतच राहतं, त्याला कोणी सांगत नाही की दार बंद आहे.

मृद्गंधा | बुधवार, सकाळी ११:४६

बंद होतं. चालू केलं. सहा मिनिटांत निकाल! धन्यवाद, दादा.

पळताभुई | बुधवार, दुपारी ३:१२

धाग्याला धरूनच : माझं धावायचं घड्याळ केबलने लावलं की चार्ज होतं, पण सिंकच्या ॲपला दिसत नाही. चार्ज होतंय म्हणजे केबल ठीक. मग ॲपच ना?

तारायंत्र | बुधवार, दुपारी ३:५०

"चार्ज होतंय म्हणजे केबल ठीक" या वाक्याने आजवर किती संध्याकाळी खाल्ल्या असतील! नुसती चार्जिंगची केबल असते, तिच्यात माहितीच्या तारा नसतात. शिवाय एम चिपच्या लॅपटॉपवर व्हेंचुरापासून नवं उपकरण जोडलं की मॅक परवानगी विचारतो. नाकारलं तरी चार्जिंग सुरूच राहतं, म्हणजे लक्षण दोन्हीकडे सारखंच.

सिस्टिम इन्फर्मेशन उघडून यूएसबीच्या यादीत घड्याळाचं नाव शोधा. तिथे नसेल तर ॲपला दोष देऊ नका, केबल आणि ती परवानगी तपासा. तिथे असेल आणि फाइंडरमध्ये नसेल तर घड्याळ बहुधा एमटीपी पद्धतीने बोलतंय. ती भाषा मॅकला उपजत येत नाही. गूगलचं अँड्रॉइड फाइल ट्रान्सफर त्यासाठी वापरायचे, ते २०२४ मध्ये बंद झालं. ओपनएमटीपी नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. आणि ते उघडं असताना सिंकचं ॲप उघडू नका, दोघं एकाच घड्याळावर भांडतात.

पळताभुई | बुधवार, संध्याकाळी ६:०५

केबलच. दुसरी लावली, दिसलं. काही बोलू नका.

रेघोट्या | पुढच्या गुरुवारी, सकाळी ९:२०

बारा चित्रं वेळेत गेली. काल रात्री टॅबलेटच्या सॉफ्टवेअरने स्वतःला अपडेट केलं आणि सकाळी पुन्हा मार्करची रेघ. यावेळी घाबरले नाही. ॲक्टिव्हिटी मॉनिटर : एजंट हजर, ॲपल, दुसरं कोणी नाही. मग इनपुट मॉनिटरिंग, वजा, रीस्टार्ट, हो. दहा मिनिटांत कामाला लागले. टॅबलेटच्या पाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर चालणाऱ्या आवृत्तीचा आकडा लिहून ठेवलाय आणि तो इन्स्टॉलरही जपून ठेवलाय, साइटवरून जुनी व्हर्जनं गायब होतात ते कळलंय आता.

एकच राहिलं. कडेचं चाक फिरवलं की पान उलट्या दिशेला सरकतं. हाही जुन्या पाहुण्याचाच प्रताप का?

खटपट्या | गुरुवार, सकाळी ९:३३

नाही हो. माउसच्या सेटिंग्जमधलं "नॅचरल स्क्रोलिंग" बंद करून बघा.

रेघोट्या | गुरुवार, सकाळी ९:३६

झालं सुलट.